केळीत व्हाइट क्लोव्हर पेरलं होतं, आता तीन पानांची तीन प्रकारची झाडं दिसून राहिलीत. खरं क्लोव्हर कोणतं?

केळीबाग_यावल (१४ जानेवारी)

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. यंदा कांदेबागात, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत, चार ओळींमध्ये ट्रायल म्हणून जिवंत आच्छादन करायचं ठरवलं, म्हणजे दोन ओळींच्या मधली जमीन उघडी राहू नये, तण कमी यावं, आणि द्विदल असल्यामुळं थोडं नत्रही मिळावं असा विचार होता. व्हिडिओ पाहून पाहून जमिनीवर पसरणारं व्हाइट क्लोव्हर मनात भरलं. ऑनलाइन पाव किलो बी मागवलं, पाकिटावर व्हाइट क्लोव्हर असंच छापलेलं होतं. १२ नोव्हेंबरला वाळूत मिसळून फेकलं, वरून हलकं पाणी दिलं, उगवण एकदम मस्त झाली.

आता दोन महिने झालेत आणि मी पार गोंधळलोय, कारण एकाच पट्ट्यात तीन वेगवेगळी झाडं दिसून राहिलीत आणि तिन्हींना तीनच पानं. फोटो टाकलेत.

फोटो १ मधलं लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) कडेनं पसरलंय, बारीक, पानं बदामाच्या आकाराची, एक-दोन पिवळी फुलंही आलीत. फोटो २ मधलं सगळ्यात जास्त आहे, म्हणजे शंभरात नव्वद तेच समजा, सरळ उभं वाढतंय, दीड-दोन वीत उंच झालं, पानं लांबट, खोड दाबलं तर पोकळ लागतं. फोटो ३ मधलं फारच थोडं आहे, ड्रिपरजवळ जिथं कायम ओल असते आणि केळीची सावली पडते तिथं, जमिनीला चिकटून, गोलसर पानं आणि त्यावर पांढरट व्ही सारखी खूण.

आई म्हणते हा बरसीम आहे, तिच्या माहेरी म्हशींना घालायचे. निंदायला येणाऱ्या मावश्या म्हणतात ही तर आंबुशी, उपटून टाकू का. मी म्हटलं थांबा, पैसे देऊन पेरलंय. फूल फक्त पिवळ्यालाच आहे, बाकीच्यांना अजून नाही. फूल नसताना व्हाइट क्लोव्हर ओळखायचं कसं, कोणाला पक्कं माहीत असेल तर सांगा. उपटायचं काय आणि ठेवायचं काय हे मला आठवड्याभरात ठरवायचंय.

गिरणाकाठ

भाऊ, रामराम. तुन्हा फोटू दखात. पहिला फोटूमा शे ती आंबुशीच शे, दुसरं काही नही. आमना वावरमा मिरचीना बेडवर गंज व्हस, निंदी निंदी बाया कटाळी जातीस.

बाकीचं मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना समजेल. आंबुशीचं पान नीट बघा, प्रत्येक पाकळीला वरच्या टोकाला मधोमध खाच असते, तिन्ही पाकळ्या म्हणजे तीन बदाम टोकाला टोक लावून ठेवलेत असं दिसतं. क्लोव्हर असो बरसीम असो लसूणघास असो, कोणाचंच पान असं बदामाचं नसतं. आणि पिवळं फूल, पाच सुट्या पाकळ्यांचं. त्यानंतर भेंडीच्या पिल्लासारखी उभी शेंग येते, पिकली की नुसतं बोट लागलं तरी फटकन फुटते आणि बी हातभर लांब उडतं. म्हणून ती एकदा बागेत शिरली की जात नाही. पान चावलं तर आंबट लागतं हे तर लहान पोरालाही माहीत आहे. पण केळीवर फवारणी केली असेल तर तोंडात घालू नका, नुसतं बघूनही कळतं.

तुमच्या मावश्या पहिल्या फोटोपुरत्या बरोबर आहेत. दुसऱ्या फोटोबद्दल मला तरी आईंचंच म्हणणं पटतं.

पारोळा_ते_पालमपूर

मी मूळ पारोळ्याचा, सात वर्षं झाली नोकरीनिमित्त हिमाचलात पालमपूरला आहे. इथं व्हाइट क्लोव्हर म्हणजे आपल्याकडं हरळी जशी, रस्त्याच्या कडेला, चहाच्या मळ्यांच्या बांधावर, शाळेच्या ग्राउंडवर, कुठंही. त्यामुळं रोज पायाखाली असतं म्हणालात तरी चालेल.

दादा, तुमचा फोटो ३ मला खऱ्या क्लोव्हरसारखा वाटतो. फोटो २ अजिबात नाही, आणि त्याचं एकच कारण पुरेसं आहे, ते उभं वाढतंय. व्हाइट क्लोव्हरचं खोड कधी उभं राहतच नाही. खोड जमिनीवर आडवं सरपटत जातं आणि वर दिसतात ती फक्त पानं आणि फुलं, एकेक लांब देठावर सरळ जमिनीतून निघाल्यासारखी. वरून बघितलं तर वाटतं वीतभर उंच झाड आहे पण हातानं पानं बाजूला केली तर खाली खोड मातीला टेकलेलंच दिसतं. आपली हरळी कशी पेरापेराला मूळ सोडत पुढं पळते, किंवा स्ट्रॉबेरीची धावती फांदी कशी असते, अगदी तसं. एक फांदी धरून हळूच उचला, जागोजागी टचटच मुळं तुटल्याचा आवाज येतो आणि हाताला जाणवतं. बरसीमची फांदी अशी उचलली तर सगळी एकाच बुंध्यातून निघालेली दिसेल, मधे कुठंही मूळ नसेल.

फूल आलं की तर शंकाच राहत नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये नुसती पांढरी ग्राउंडं होतात. बोराएवढा गोल गेंद असतो, त्यात वाटाण्याच्या फुलासारखी पण अगदी बारकी बारकी फुलं खच्चून भरलेली, कधी कधी थोडी गुलाबी झाक. गेंदाच्या देठावर एकही पान नसतं, हे लक्षात ठेवा, गुळगुळीत उघडा देठ आणि टोकाला गेंद. आणि एक गंमत मला फार आवडते ती सांगतो, मधमाशी बसून गेली की खालच्या ओळीतली फुलं माना खाली टाकतात आणि तपकिरी होतात, वरची अजून पांढरीशुभ्र उभी असतात. म्हणजे एकाच गेंदात खाली वाळका घागरा आणि वर पांढरी टोपी. हे दिसलं की डोळे झाकून सांगा व्हाइट क्लोव्हर.

बॉटनीवाले_धुळे

पालमपूरकरांनी फार छान लिहिलंय, पण एक गोष्ट जोडली नाही तर कोणीतरी फसेल म्हणून लिहितो. मी ३० वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, मुलांना शिवारात घेऊन जायचो तेव्हा नेहमी हाच घोटाळा व्हायचा.

नुसतं सरपटतं आणि पेराला मूळ सोडतं एवढ्यावर क्लोव्हर म्हणू नका. आंबुशीसुद्धा सरपटते आणि पेराला मुळं सोडते. आणि आपल्याकडं लॉनमध्ये, बांधावर एक बारीक तीन पानी सरपटी वनस्पती असते, डेस्मोडियम ट्रायफ्लोरम, तिला रानमेथी म्हणतात (रानमेथी हे नाव आपल्या भागात चार-पाच वेगळ्या झाडांना चिकटलंय, म्हणून नावावर जाऊ नका), तीही पेरापेराला रुजते. तिची पानं फार छोटी, अर्धा ते एक सेंटीमीटर, फुलं जांभळट गुलाबी, पानाच्या बगलेत एक-दोन-तीनच, गेंद नाही, आणि शेंग चपटी, सांधे सांधे असलेली.

म्हणून तीन-चार गोष्टी एकत्र बघायच्या. खोड आडवं आणि रुजणारं हे झालं. मग पानाकडं या. व्हाइट क्लोव्हरच्या तिन्ही पर्णिका, म्हणजे एका पानाचे ते तीन भाग, एकाच बिंदूतून निघतात, मधल्या पर्णिकेला वेगळा दांडा नसतो. लसूणघास घ्या, किंवा पिवळ्या-पांढऱ्या फुलांचं मेलिलोटस म्हणजे सेंजी घ्या, त्यांची मधली पर्णिका छोट्या दांड्यावर थोडी पुढं गेलेली असते, मेथीचंही तसंच. घरात मेथीची जुडी असेल तर आत्ता एक पान काढून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पर्णिकेची कडा भिंगातून बघा, व्हाइट क्लोव्हरला सगळीकडून बारीक दाते असतात, लसूणघासला फक्त टोकाकडच्या भागात. पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, केस नाहीत. रेड क्लोव्हर मात्र केसाळ असतं, उभं वाढतं आणि त्याच्या गेंदाच्या अगदी खाली पानं असतात, ते इथं नको.

पांढऱ्या व्ही खुणेवर फार भरवसा ठेवू नका. ती असेल तर चांगलं, बहुतेक झाडांवर असतेच, पण व्हाइट क्लोव्हरचीच काही झाडं बिनखुणेचीही असतात आणि खूण इतर काही क्लोव्हरनाही असते. लोक खूण बघून थांबतात, तिथंच चुकतात.

आणि सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे पानाचा देठ खोडाला जिथं मिळतो ती. तिथं व्हाइट क्लोव्हरला पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं फिकट आवरण असतं, खोडाला वेढून बसलेलं, टोकाला अणकुचीदार. त्याला आम्ही उपपर्ण म्हणतो. आंबुशीला असं काही ठळक दिसत नाही. नखानं हलकेच सोलून बघा.

नावातच सगळं आहे खरं तर. लिनियसनं १७५३ मध्ये ट्रायफोलियम रेपेन्स असं नाव दिलं, ट्रायफोलियम म्हणजे तीन पानी आणि रेपेन्स म्हणजे सरपटणारं. बरसीम त्याच कुळातलं, ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम, इजिप्तचं. ते १९०४ मध्ये सिंधमध्ये आलं आणि तिथून भारतभर चाऱ्यासाठी पसरलं. ती दोघं चुलत भावंडंच, म्हणून पानं सारखी वाटली तर तुमची चूक नाही.

एक घरगुती परीक्षा सांगतो, फूल लागत नाही की भिंग लागत नाही. दिवस मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं बॅटरी घेऊन बागेत जा. आंबुशीच्या पर्णिका खाली पडतात, मिटलेल्या छत्रीसारख्या देठाला लागतात. क्लोव्हरच्या बाजूच्या दोन पर्णिका वर उठून एकमेकींना चिकटतात, हात जोडल्यासारख्या, आणि मधली पर्णिका त्यांच्यावर छपरासारखी वाकते. डार्विननं १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर लिहिलं त्यात क्लोव्हरच्या झोपेचं वर्णन आहे. एकदा बघितलं की विसरणार नाही.

नवापूरची_माती

आमच्याकडं भाताच्या बांधीत चार पानी क्लोव्हर खूप मिळतं, मुलं पुस्तकात दाबून ठेवतात, लकी म्हणून. ते पण हेच का?

बॉटनीवाले_धुळे

ताई, नाही. ते मार्सिलिया, पाण्यातला नेचा. त्याला प्रत्येक देठावर चारच पानं असतात, फूल कधीच येत नाही, आणि बुडाशी वाटाण्यापेक्षा लहान टणक बोंडं असतात त्यात बीजाणू असतात. कोवळी पानं घडीच्या गुंडाळीसारखी वळलेली दिसतात, नेच्याची ती खूणच आहे. क्लोव्हरला चौथं पान हे अपवादानं येतं, हजारो पानांत एखादं. मुलांना सांगा नेचा आहे म्हणून, दाबून ठेवायला तोही सुंदरच.

केळीबाग_यावल (१६ जानेवारी)

सर, दादा, भाऊ, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी हेच करून राहिलो.

संध्याकाळी साडेसहानंतर आईला घेऊन गेलो बागेत, मोबाइलची बॅटरी लावली. सर, एकदम तुम्ही सांगितलं तसं. लॅटरलच्या कडेची आंबुशी सगळी माना टाकून बसलेली. ड्रिपरजवळची गोल पानवाली हात जोडून, वर छप्पर. आई म्हणाली बघ, झोपली बिचारी. दुसऱ्या फोटोतल्याची पानंही मिटलेली होती, म्हणजे तेही क्लोव्हरच्याच घराण्यातलं असणार.

मग सकाळी फोटो २ वाल्याचं एक झाड मुळासकट काढलं. एकच सोटमूळ, बुंध्यातून सहा-सात फांद्या उभ्या निघालेल्या, एकाही पेराला मूळ नाही. खोड कापलं तर आत पोकळ नळी. पान लांबट, बोटाच्या पेरापेक्षा मोठं, खूण नाही, आणि हात फिरवला तर किंचित लव लागते. फोटो ३ वालं काढायला जीव झाला नाही म्हणून जागेवरच बघितलं. अजून धावती फांदी फार लांब नाही गेलेली, चार-पाच सेंटीमीटर असेल, पण देठाच्या बुडाशी तो कांद्याचा पापुद्रा स्पष्ट दिसतो. भिंग नव्हतं तर मोबाइल झूम करून फोटो काढला, कडेला दाते आहेत.

आणखी एक केलं. पाकिटाच्या तळाला चिमूटभर बी राहिलं होतं, ते पांढऱ्या कागदावर पसरवलं. त्यात दोन सरळ साइज निघाल्या. एक मोहरीपेक्षा थोडं मोठं, अंडाकृती, पिवळसर, तेच जास्त. आणि दुसरं अगदी बारीक, खसखशीच्या जवळपास, नीट बघितलं तर बदामाच्या आकाराचं. मी पेरताना वाळूत मिसळलं तेव्हा हे बघायलाच पाहिजे होतं.

पारोळा_ते_पालमपूर

दादा, मग झालं की. बारीक बदामी बी ते व्हाइट क्लोव्हर, मोठं ते बरसीम. क्लोव्हरचं हजार बी जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आत भरतं, बरसीमचं हजार बी तीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाव किलो खरं क्लोव्हर असतं तर चार ओळींत तुम्हाला पाय ठेवायला जागा उरली नसती. विक्रेत्याला हा कागदावरचा फोटो आणि झाडाचे फोटो दोन्ही पाठवा, पैसे मागा. पुढच्या वेळी बी आलं की आधी पांढऱ्या कागदावर चिमूट पसरून बघायचं, मगच पाकीट रिकामं करायचं.

गिरणाकाठ

भाऊ, बरसीम आलं म्हणून नाराज होऊ नका, फुकट चारा आहे. साठ दिवस होऊन गेलेत, पहिली कापणी करा, विळा जमिनीपासून चार बोटं वर चालवा, परत फुटतं, मग महिन्या-महिन्यानं कापत राहा. मार्चपर्यंत तीन कापण्या सहज होतात. मुळांवर गाठी असतील तर केळीला नत्राचाही फायदा.

फक्त एक जिवावरची गोष्ट सांगतो. ओला बरसीम सकाळी उपाशी जनावरासमोर ढिगानं टाकू नका. आमच्या गोठ्यातली एक म्हैस अशीच गेली, डाव्या कुशीला ढोलासारखं पोट फुगलं आणि डॉक्टर यायच्या आत खेळ संपला. आधी कडबा किंवा कुट्टी खाऊ द्या, मग दव सुकलेला बरसीम थोडा थोडा, कडब्यात मिसळून. व्हाइट क्लोव्हर आणि लसूणघासलाही हाच नियम. आंबुशी निंदून निघेल ती चाऱ्यात टाकू नका, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं.

बॉटनीवाले_धुळे

गिरणाकाठच्या बोलण्याला माझा पूर्ण दुजोरा. आणि यावलकर, तुम्ही बी कागदावर पसरवलंत हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

आता मूळ विचाराबद्दल बोलायला हवं, मन मोडायचं नाही पण स्पष्ट सांगतो. व्हाइट क्लोव्हर थंड हवेचं पीक आहे, युरोप आणि मध्य आशियाकडचं. २०-२५ अंशांत खुलतं. त्याचं पहिलं सोटमूळ वर्ष-दोन वर्षांत मरतं आणि मग झाड पेरांवरच्या उथळ मुळांवर जगतं, म्हणून वरची माती तापली आणि सुकली की ते टिकत नाही. आपल्याकडं मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ ला टेकतो. ड्रिपरच्या ओलीला आणि केळीच्या सावलीत एखादा ठिपका तगेल, पण पूर्ण पट्टा हिरवा राहील ही अपेक्षा ठेवू नका. आच्छादनच हवं असेल तर पावसाळ्यात चवळी किंवा ताग आणि हिवाळ्यात हाच बरसीम, आपल्या उन्हाला हे जास्त जुळतं.

केळीबाग_यावल (१८ मार्च)

मंडळी, दोन महिन्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बरसीमच्या दोन कापण्या घेतल्या, आमच्या दोन्ही म्हशींना कडब्यात मिसळूनच दिला, आई स्वतः उभी राहून घालते. शेवटच्या ओळीत थोडा मुद्दाम न कापता ठेवला होता फुलासाठी. मागच्या आठवड्यात फुलला. फूल पांढरट आहे खरं पण पिवळसर झाक, गेंद गोल नाही, थोडा लांबट, आणि उभ्या फांदीच्या शेंड्याला आलाय, फांदीवर खालपासून वरपर्यंत पानं. पालमपूरच्या दादांनी सांगितलेला उघडा देठ कुठंच नाही. फोटो टाकतोय, ज्याला पुढं शंका येईल त्याला कामी येईल.

आंबुशी दोनदा निंदून काढली, शेंगा धरायच्या आत. विक्रेत्यानं फोटो बघितल्यावर पैसे परत केले, जास्त बोलावं लागलं नाही.

आणि ड्रिपरजवळचं क्लोव्हर. सात ठिकाणी आहे, सगळी मोजून ठेवलीत, प्रत्येकाजवळ काडी रोवलीय म्हणजे मावश्यांच्या खुरप्यातून वाचावं. धावत्या फांद्या आता हातभर नाही पण वीतभर झाल्यात. काल एक फांदी हळूच उचलून बघितली. पहिली दोन पेरं मातीला घट्ट होती, तिसऱ्या पेराला पांढरं मूळ फुटलेलं पण अजून मातीत शिरलेलं नव्हतं, अर्धा सेंटीमीटर असेल. परत होती तशी ठेवली आणि वर चिमूटभर ओली माती टाकली. फूल नाही आलं अजून. दुपारी आत्ताच ३८ च्या वर जातंय, त्यामुळं वाळक्या केळीच्या पानांचं आच्छादन भोवती टाकलंय. सर म्हणतात तसं मे काढेल की नाही सांगता येत नाही, पण सातपैकी किती राहिली ते जूनमध्ये इथंच लिहीन.